पिवळं दिसलं की हात वर

मनकर्णाची चप्पल तळ्याच्या गाळात रुतली आणि पोकलेनने ती उचलून दिली. शिरगुंडीत ही गोष्ट अजून सांगतात. पूर्वी हसून सांगायचे.

एप्रिल संपत आला होता. तळं आटून मधोमध थोडा चिखल उरला होता आणि त्यात पाय टाकू नये एवढी अक्कल मनकर्णाला नक्कीच होती. पण टेंभुर्णीहून आलेलं ते भलंमोठं मशीन तिला जवळून बघायचं होतं. दोन पावलांत चप्पल गेली. तेवढ्यात मशीनचा लांब हात तिच्या डोक्यावरून फिरला आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा बकेटच्या एका दातावर तिची चप्पल लटकत होती... पट्ट्यात दात घालून अलगद उचललेली.

केबिनमधून एक सावळा पोरगा वाकून बघत होता. "तुमचीच न्हवं?"

"न्हाय, सरपंचांची," ती म्हणाली. "नाव काय तुमचं?"

"हणमंत."

"आन् डोंगर उचलायचा सोडून चप्पल उचलताय व्हय?"

"डोंगराच्या बुडाला असं कोण उभं नसतंय की," तो म्हणाला.

मनकर्णाने चप्पल दातावरून काढली आणि गाळाने भरलेली तशीच पायात घातली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज बांधावरच्या बाभळीखाली बसू लागली. उगीच नाही, काम होतं. तिची आत्या काशम्मा गावच्या पाणी समितीची अध्यक्ष. पदवी घेऊन सोयरिकीची वाट बघत बसलेल्या भाचीला तिने बांधावर बसवलं आणि बजावलं, "वरचा काळा गाळ काढायचा. त्याच्या खाली पिवळा मुरूम हाय, आन् मुरमाखाली फुटका खडक. मुरूम उकरला तर तळ्याचं बूड फुटतंय. काळं हाय तवर काढू दे. पिवळं दिसलं की हात वर कर. तुझा हात बघितला की मशीन थांबणार, असं ठरलंय."

एवढंच काम. माती बघायची आणि हात वर करायचा.

हणमंत सकाळी मशीन चालू केलं की बकेट उंच करून तिला रामराम घालायचा. दुपारी बाभळीच्या सावलीत येऊन तिच्या तांब्यातलं पाणी प्यायचा. तिच्या शिदोरीतली शेंगाचटणी त्याला फार आवडायची, किंवा तसं तो म्हणायचा तरी.

"तुमी दिवसभर माझ्याकडंच बघताय," तो एकदा म्हणाला.

"मातीकडं बघते मी. तेच काम हाय माझं."

"मग माती लई नशिबाची हाय..."

तिने चटणीचा डबा झाकला. तो पुन्हा उघडावा लागला, कारण त्याची भाकरी अजून संपली नव्हती. तिला तो आवडला होता. त्याचं हळू बोलणं, चाळीस हात लांबून तिची मान वळली तरी ओळखणं, सगळंच. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, म्हणून सरळ सांगायला हरकत नाही.

मे सरत आला तशी गाळाची ढेकळं विरळ झाली. जेवताना तो खाली बघत म्हणाला, "उद्या संपतंय. परवा मशीन सांगोल्याला."

मनकर्णाने तांब्या त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "ऱ्हा की अजून चार दिवस..."

"ऱ्हायाला काम पायजे की."

"त्या तितं, खोल भागात... काळं असंल अजून."

दुसऱ्या दिवशी मशीन खोल भागात उतरलं. दोन-चार बकेटी काळ्या आल्या. नंतरची पिवळी आली.

हणमंतने मशीन थांबवलं आणि बांधाकडे पाहिलं. मनकर्णाने मांडीवरचा हात उचलला... ओढणीचं टोक सारखं केलं... आणि हात परत मांडीवर ठेवला. तो हसला. तीही हसली. बकेट पुन्हा खाली गेली.

तो मुरूम कुणी विकला नाही. ज्याला हवा त्याने ट्रॉली भरून नेला. कुणाचं अंगण झालं, कुणाची शेतातली वाट झाली, देवळापुढचे खड्डेही त्यानेच बुजले. पिवळं एवढं आलं कुठून, असं गावात एकानेही विचारलं नाही. मनकर्णाच्या वडिलांचं, प्रभुलिंग आप्पांचं अंगणही तेव्हाच झालं. काशम्मा तेवढी तापाने सोलापूरला लेकाकडे पडून होती.

निघताना हणमंत म्हणाला, "दिवाळीत आईला घेऊन येतो. आप्पांना भेटायला."

"या. अंगण तयार हाय," मनकर्णा म्हणाली.

सप्टेंबरात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला आणि तळं काठोकाठ भरलं. बायकांनी खणानारळाने तळ्याची ओटी भरली. मनकर्णाने हणमंतला फोटो पाठवला. "डोळे भरून बघून घ्या," असं तिने खाली लिहिलं होतं.

मग पाणी उतरायला लागलं. रोज सकाळी काठाला ओल्या मातीची नवी पट्टी दिसे. खोल भागात एका जागी पाणी भोवऱ्यासारखं फिरत होतं. दसऱ्याला तळ्यात चिखल होता, पुढे तोही सुकला. मागोमाग पिण्याच्या पाण्याची विहीर आटली. टँकर आला की बायका एकमेकींच्या घागरींवर घागरी आपटू लागल्या. जनावरांची रांग बाजाराकडे लागली. आप्पांनी बैलजोडी विकली आणि रिकामी दावण झाडून काढली, तेव्हा मनकर्णा आत चुलीपुढे तोंडात ओढणी कोंबून रडली.

तिने फोन केला. "बूड फुटलं."

"कुटं?"

"तुमाला ठावं हाय कुटं."

"येतो," तो म्हणाला.

गाव देवळापुढे जमलं, त्याच पिवळ्या मुरमावर. हणमंत मधे उभा राहिला. एसटीने आला होता, एकटाच.

"मीच खोल गेलो," तो म्हणाला. "मशीनच्या मालकाचा काय संबंध न्हाय."

"मुरूम विकून खाल्ला असंल," शिवकुमार किराणावाला म्हणाला. त्याच्या दुकानापुढेही तोच मुरूम होता.

"एक ट्रॉली बी विकली न्हाय," हणमंत म्हणाला. माणसं आपापल्या पायांखाली बघू लागली.

काशम्मा भाचीकडे वळली. "मनू, तू हात केला व्हतास न्हवं? ह्यानंच बघितला नसंल."

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. व्हय म्हटलं की सुटली. आप्पांची मान ताठ राहिली असती, सोयरीक कुठेही जमली असती.

तिच्याआधी हणमंतच बोलला. "केला व्हता त्यांनी. मीच बघितला न्हाय."

मनकर्णाला त्याचं खोटं ऐकवेना. बायकांच्या घोळक्यातून तिने हात वर केला. जो मे महिन्यात करायचा होता तो हात तिने आता, सगळ्या गावापुढे, खांद्याच्या वर उचलला.

"मी हात केला न्हवता," ती म्हणाली. "पिवळं दिसलं तवा त्यांनी थांबून बघितलं माझ्याकडं. मी गप बसले. हात केला असता तर काम संपलं असतं आन् ते गेले असते. मला... ते जायला नको व्हतं."

आप्पा उठले, धोतर झटकलं आणि घराकडे चालू लागले. हणमंतच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही.

"हात खाली घे," शेवटी काशम्मा म्हणाली. "काळी माती घालून तुडवून ते भोक बुजवाया लागंल. ह्या वर्षी काय पाणी थांबत न्हाय आता. फुडच्या वर्षाचं बघा."

सकाळी मनकर्णा घमेलं घेऊन आप्पांच्या शेतात गेली. तळ्यातला काळा गाळ उन्हाळ्यात तिथेच पसरला होता. आप्पा आधीच तिथे होते. रात्रीपासून ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. त्यांनी खोऱ्याने घमेलं भरलं आणि तिच्या डोक्यावर दिलं.

तळ्यात हणमंत अनवाणी माती तुडवत होता. तिने घमेलं त्याच्या पायाशी ओतलं. एवढ्या मोठ्या खड्ड्यात ती माती कुठे गेली ते कळलंही नाही.

"किती दिवस लागतील?" तिने विचारलं.

"मशीन न्हाय. मालकानं कामावरनं काढलं." तो खड्ड्याकडे बघत राहिला. "पावसाळ्यापतोर तरी लागतील."

"ऱ्हा मग," ती म्हणाली, आणि रिकामं घमेलं घेऊन आप्पांच्या शेताकडे वळली.