खड्ड्याचा तळ

जेवण करून आम्ही गल्लीत परतलो तेव्हा लख्ख ऊन होतं, पण येओंगदो बेटावरचं हिवाळी ऊन नुसतं दिसायला असतं. खाली गोदीत जहाजांच्या पत्र्यावरचा गंज काढणाऱ्या बायकांचे हातोडे सुरू होते. आमच्या टेकडीवरची मुलं त्या आवाजातच झोपायला शिकतात. मीही तसाच वाढलो.

काम साधं होतं. गल्लीखालून गॅसची नळी गेली आहे, तिचा एक सांधा उघडा करून तपासायचा. पूर्वी अशा कामाला छोटं पोकलेन यायचं. त्याचा दात जरा चुकला की नळी फाटायची भीती, आणि डिझेलच्या धुराने दोन्हीकडची घरं खिडक्या लावून बसायची. आता आमच्याकडे बॅटरीवर चालणारं ओढयंत्र आहे. मी हवेच्या झोताने माती सैल करतो आणि जाड रबरी सोंड ती ओढून टाकीत टाकते. माती फुटते, पण नळीला, केबलला, झाडाच्या मुळालाही ओरखडा येत नाही. धूर तर नाहीच. कोपऱ्यावरच्या गाडीवर माशाच्या वड्यांचा रस्सा उघडाच उकळत असतो.

सोंड चालवते ओक-सन ताई. तिची आई गोदीत हातोडा मारून बहिरी झाली, त्यामुळे ताईला हळू बोलायची सवयच नाही. मुकादम प्यो मात्र दिवसभरात चार वाक्यं बोलले तर खूप.

"गु-बोन, हवा बंद कर रे! सोंड रिकामीच ओढतेय," ताई ओरडली.

मी झोत बंद केला. नळी मोकळी झाली होती, कालच घातल्यासारखी पिवळीधमक. खड्ड्याच्या चारी बाजूंना लोखंडी फळ्यांचा आधार होता. फक्त तळ मला पटला नाही. वर सगळा कोरडा मुरूम, आणि तळाशी ओली, राखाडी, गुळगुळीत चिकणमाती. एवढ्या जोराच्या हवेने तिच्यावर साधी रेघ उठली नव्हती.

"समुद्राचा गाळ असेल," मी म्हणालो.

"टेकडीवर? तुझा समुद्र जिने चढून आला वाटतं," ताई हसली.

कमरेला पट्टा बांधून, दोर मुकादमांच्या हातात देऊन मी खाली उतरलो. ब्रश घेऊन सांध्याची खालची बाजू साफ करायला वाकलो, आणि तळ खचला.

आवाज काहीच झाला नाही. मी सरळ खाली गेलो, फळ्यांखालून सैल मुरूम आत घसरला आणि मांड्यांपर्यंत मला आवळून बसला. सिमेंटमध्ये रोवलेला खांब असावा तसा मी उभा होतो. छातीसमोर गॅसची नळी, पाठीला लोखंडी फळी, डोक्यावर आभाळाचा चौकोनी तुकडा.

मुकादमांनी दोर ओढला. माझ्या कमरेतून कळ गेली.

"नका ओढू! गुडघे निखळतील!"

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी बचाव पथकाला फोन लावला. गाडी मोठ्या रस्त्यावर थांबवून माणसांना जिने चढून यावं लागणार होतं. फावडं घालायला जागा नव्हती. पोकलेन आणलं असतं तर नळीआधी मीच फुटलो असतो.

"सोंड आहे की," ताई म्हणाली. "बाळा, हात वर धर. तुला अलगद सोलून काढते."

सोंड माझ्या मांडीशी आली. यंत्राची घरघर खड्ड्यात घुमू लागली. मुरूम कण कण करत वर जात होता. माती हलली की ती आधी आणखी आवळायची, मग सुटायची. मी दर वेळी श्वास धरून ठेवत होतो. उजवा गुडघा दिसला. मग डावा. गार हवा पँटला लागली तेव्हा मला जवळजवळ रडू आलं.

पोटऱ्या मोकळ्या झाल्या. आता पाय निघायला हवे होते. निघाले नाहीत.

"दादा, पाय नको हलवूस," ताई म्हणाली. 'बाळा'वरून ती 'दादा'वर आली होती.

"मी हलवत नाहीये."

"मग बूट वर-खाली कसे होतायत?"

ते मलाही जाणवत होतं. माझ्या तळव्यांखालून काहीतरी दाबत होतं. सोडत होतं. परत दाबत होतं. गर्दीत उभ्या उभ्या कंटाळलेला माणूस या पायावरचा भार त्या पायावर घेतो, तसं.

मुकादमांनी वाकून विजेरी मारली. बराच वेळ ते बघत राहिले.

"यंत्र बंद कर," ते म्हणाले.

"अहो, अजून घोटे..."

"ओक-सन, बंद कर म्हणतो ना!"

सोंड थांबली. गोदीतले हातोडेही त्याच वेळी थांबले.

मी हातमोजा काढला. वाकून हात बुटाखाली घातला.

चिकणमाती असेल असं वाटलं होतं. लागली ती बोटं. गार, ओली, उघडी. माझ्या टाचेखाली टाच होती. चवड्याखाली चवडा. आणि ती पाच बोटं माझ्या बुटाच्या कडेवर वळून घट्ट बसली होती.

कोणीतरी खाली डोकं करून माझ्या पायांखाली उभं होतं.

मी हात मागे घेतला.

"बूट सोड," मुकादम शांतपणे म्हणाले. "नाड्या सोड. वर बघत राहा, माझ्याकडे."

नाड्या ओल्या होत्या. नखं मोडली. डावा पाय निघाला, मग उजवा, आणि त्याच क्षणी त्या दोघांनी दोर ओढून मला वर घेतलं.

मी पोटावर पडून खाली पाहिलं. बूट पडले नाहीत. जोडीने, सावकाश, पायऱ्या उतराव्यात तसे राखाडी मातीत उतरले. माती मिटली.

बचाव पथक आलं. त्यांनी तळाशी लोखंडी सळई ठोकून पाहिली. वीतभर गेली आणि खडकाला लागली. पलीकडे ठोकली, तिथेही खडकच. पोकळी नव्हती. बूट नव्हते. त्यांच्या म्होरक्याने माझ्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं आणि सामान आवरायला सांगितलं. संध्याकाळी आम्ही खड्डा भरून टाकला.

ताई आता सोंड चालवताना खाली बघत नाही.

मी ते काम सोडलं. टेकडी सोडून एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला आलो. इथे माझ्या पायांखाली दहा घरं आहेत, त्यांत माणसं आहेत, म्हणून निवडलं. आमच्याकडे थंडीत फरशी खालून तापवलेली असते. अनवाणी चाललं की तळवे शेकून निघतात.

माझी फरशीही चांगली तापते. फक्त मी उभा राहतो तेवढी जागा गार असते. पहिल्यांदा वाटलं, माझेच पाय गार पडत असतील. म्हणून काल खुर्चीवर बसलो, पाय वर घेतले आणि हाताने फरशी चाचपत गेलो.

सगळीकडे ऊब होती. दोन गार पावलं खुर्चीसमोर होती, जोडून, माझ्याकडे चवडे करून.