कोरड्या डोळ्यांचं पाणी

"पापणी लवव, बेटा. लवायची आठवण ठेव. अन् दिवसातून एकदा तरी दूर पाहत जा."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा तो आवाज भावनाच्या कानात असा बसला होता, की कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवताना तिच्या पापण्या आपसूक मिटत... पुन्हा उघडत. आणि दर वेळी तिला नवल वाटे. पापणी लवली, की डोळ्यावर पाण्याचा पातळ पदर अंथरला जातो, बाई म्हणाल्या होत्या. पडद्याकडे एकटक पाहणारा माणूस लवायलाच विसरतो. पदर सुकतो, डोळा चुरचुरतो, घाबरतो आणि घळाघळा पाणी सोडतो. कोरडा पडलेला डोळाच वाहतो! देवानं एवढ्याशा बुबुळावरही नदी ठेवली, आणि तिला सांभाळायला पापणी दिली. रोज तुळशीपाशी दिवा लावताना भावना आता त्याही नदीला हात जोडी.

पण हे कळलं, ते फार उशिरा.

फाल्गुनात नदीपल्याडच्या कारध्याचा अंकुश तिला पाहायला आला, तेव्हा पत्रिकांची घाई होती. दिवसभर भंडाऱ्याच्या प्रेसमध्ये बसून ती तशीच घरी आली, साडी नेसली, पोह्यांच्या बशा घेऊन पाहुण्यांपुढे गेली – आणि डोळे लागले वाहायला. मान खाली, गालांवर धारा. एकदाच तिनं चोरून वर पाहिलं. नदीकाठी भाजीची वाडी करणारा तो सावळा माणूस, हातातली बशी विसरून, इतक्या काळजीनं तिच्याकडे पाहत होता, की तिचं मन तिथंच गुंतलं.

दुसऱ्या दिवशी कारध्याहून नकार आला. कारण कुणी विचारलं नाही. मग आईनं शहापूरचं स्थळ आणलं. येत्या रविवारी ते लोक यायचे होते.

आणि आज प्रेसच्या दारात अंकुश उभा! बहिणीची पत्रिका छापायची होती. मालक लक्ष्मणरावांनी त्याला भावनाशेजारच्या स्टुलावर बसवलं, नावं सांगायला. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. आणि पापणी लवायचं नेमकं आजच राहून गेलं. एक थेंब कीबोर्डवर पडला.

तो बोलता बोलता थांबला.

"अजूनही रडून राहिल्या?" त्यानं हळूच विचारलं. "आता कोनाची जबरदस्ती?"

"कसली जबरदस्ती?"

"त्या दिवशी तुमचं पानी पाहून मले वाटलं, पोरीले बळजबरीनं बसवलं. मी हो म्हनलो असतो, तर तुमाले नाही म्हनता आलं नसतं... म्हनून मीच नाही म्हनलो."

भावनाची बोटं जागच्या जागी थबकली. ज्या नकारानं ती आतून झुरत होती, तो तिच्याचसाठी दिलेला होता.

"मी रडून नव्हती राहिली," ती म्हणाली. "माहे डोळे कोरडे होते."

"कोरडे... अन् वरून पानी?"

तिनं सगळं सांगितलं – पदर, पापणी, घाबरणारा डोळा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं दूर पाहणं. तो ऐकतच राहिला. धानाची बांधी सुकली की माणूस घाबरून सारं तळंच त्या शेतात सोडतो, तसं झालं म्हणा, तो पुटपुटला. मग जरा वाकून त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिनं पापणी लववली, सावकाश...

"दिसलं," तो म्हणाला. "चमकलं."

आतून लक्ष्मणराव खाकरले. "बाबू, पत्रिका बहिणीची आहे ना? का आपलीच जुळवून राहिला?"

दोघंही लाजून पडद्याकडे वळली. जरा वेळानं, तिकडेच पाहत, त्यानं विचारलं, "पानी नसतं आलं... तर काय उत्तर होतं तुमचं?"

"जे आज आहे, तेच." ती हळूच म्हणाली. "पण रविवारी शहापूरचे येऊन राहिले."

"मी शनिवारीच आईले घेऊन येतो. तुमी एक करा. बाईनं दूर पाहाले सांगितलं ना? सांजच्यानं कारध्याच्या पुलावर येत जा. पल्याड वांग्याची वाडी दिसते, मी तिथंच असतो. पाहाल रोज?"

"पाहीन."

ऊन कलल्यावर भावनानं कॉम्प्युटर बंद केला. दिव्याच्या वेळेला अजून अवकाश होता. डॉक्टरीणबाईंनी दूर पाहायला सांगितलंय, एवढंच तिनं लक्ष्मणरावांना सांगितलं, ओढणी खोचली, भिंतीला टेकलेली सायकल काढली आणि वैनगंगेच्या पुलाच्या दिशेनं वळवली – पापण्या लववत, हळूहळू.