पाठमोरी पलटण

मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलटेनिसचं एक टेबल आहे. त्यावर कुणी टेबलटेनिस खेळल्याचं वॉचमनलाही आठवत नाही. हळदीकुंकवाला त्यावर वाणं मांडतात, मधुमेहाच्या शिबिरात सुया मांडतात, आणि रविवारी दुपारी, सोसायटी जेवून आडवी झाली की, त्यावर लढाया होतात. खोटं वाटत असेल तर खिडकीतून डोकावून बघा. मी सांगतो त्यातलं एवढं तरी कुणालाही तपासता येईल.

जाळी काढायची, हिरवं कापड अंथरायचं, थर्माकोलच्या टेकड्या नि काथ्याची झाडं मांडायची आणि समोरासमोर दोन पलटणी उभ्या करायच्या. सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढे, प्रत्येकाच्या पायाखाली रुपयाएवढी चकती. आपली पाळी आली की मोजपट्टी लावून माणसं पुढे सरकवायची, फासे टाकायचे, समोरचे पाडायचे. घाव पाठीवर बसला तर फासेही नाहीत, माणूस सरळ मेला. म्हणून कोण कुठे उभा आहे याइतकंच कोणाचं तोंड कुठे आहे यालाही महत्त्व. हे ध्यानात असू द्या.

खेळ मुलुंडात आणला सुशांतने. सुशांत अंधेरीला विम्याच्या कचेरीत दावे तपासायचा. म्हणजे कुणाच्याही सांगण्यावर विश्वास न ठेवण्याचाच पगार घ्यायचा. त्यानेच हा खेळ आपल्या कॉलेजच्या मित्राला, विक्रोळीच्या प्रितमला, शिकवला. प्रितम कारखान्यात टूलरूममध्ये, केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखणारा. पहिलं वर्षभर दर रविवारी सुशांत जिंकला आणि त्या मस्तीत त्यानेच दोन रिवाज पाडले. एक, पलटणीच्या सरदाराला मालकाचा चेहरा रंगवायचा. दुसरा, हरणाऱ्याचा एक सैनिक जिंकणाऱ्याच्या घरी ओलीस जायचा. दिवाळीनंतर वर्षाचा मोठा सामना. तो जो जिंकेल त्याचे सगळे ओलीस सुटणार, जो हरेल त्याचे कायमचे गेले.

त्या वर्षी प्रितमची माणसं सुशांतच्या माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात उपडी पडून होती. मोठ्या सामन्यात प्रितमने ती सोडवून नेली, सुशांतच्या पाठीवर थाप मारली, आणि त्यानंतर तो हरायचंच विसरला.

मत्सराचं एक असतं बघा. तो शत्रूचा वाटत नाही तेवढा मित्राचा वाटतो, कारण शत्रू निदान वाढदिवसाला भेट देत नाही. प्रितमने दिली. सुशांतच्या सरदाराचा चेहरा सुशांतने स्वतः रंगवला होता, मिशी नि कपाळ बरं जमलं होतं, पण डोळ्यांच्या जागी नुसते दोन डाग. प्रितमने सरदार मागून नेला आणि एका केसाच्या ब्रशने त्याला डोळे काढून आणले. चष्म्यासकट. हॉलमधली मंडळी भिंगातून बघून बघून थकली. "अरे हा तर जिवंत बघतोय," असं पंचाचं काम करणारे श्यामकांतकाका म्हणाले. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची आणि ती वाजवू देत नाहीत म्हणून ते कायम रुसलेले. सुशांतने थँक्यू म्हटलं. पण त्या दिवसापासून आपलाच सरदार आपल्याकडे प्रितमच्या डोळ्यांनी बघतो, असं काहीतरी त्याच्या मनात बसलं.

पावसाळ्यात तो बायकोला, रेवतीला, घेऊन कन्नमवार नगरात प्रितमकडे जेवायला गेला. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट, त्याला आतून दिवा, आणि मधल्या कप्प्यात सुशांतचे निळ्या डगल्याचे ओलीस. प्रितमच्या सैनिकांहून वरच्या मानाने. प्रितमची आई, सोनूबाई, रोज मऊ फडक्याने त्यांची धूळ काढायची. तिने कौतुकाने सांगितलं, "तुझी माणसं लई गुणाची हायेत रे बाबा. आमच्यात अशी रमलीत, जशी काय इथलीच."

रेवतीने काचेला नाक लावून पाहिलं आणि हसून म्हणाली, "आपल्या घरापेक्षा इथेच बरे दिसतात रे."

चुकीचं नव्हतं ते. सुशांतला एकेकाचा रंग ओळखीचा वाटेना. आपण लावलेला निळा इतका गडद होता? ढोलवाला असा मान वर करून उभा होता? प्रितमला विचारलं तर तो म्हणाला, मी ब्रश लावलेला नाही, आईची शपथ.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्याच्या घरच्या शोकेसमधला एक भालेवाला पाठमोरा होता.

पलटण घरात कायम खोलीकडे तोंड करून उभी असायची. सपना, घरकाम करणारी, पुसताना फिरला असेल म्हणून सुशांतने त्याला सरळ केलं. दुसऱ्या दिवशी भालेवाला पुन्हा भिंतीकडे, आणि सोबतीला निशाणवाला. सपनाला विचारलं तर ती ठसक्यात म्हणाली, "दादा, तुमच्या खेळण्यांना मी हात लावत नाही. मागे एकाची तलवार मोडली तेव्हा दोन महिने तोंड पाडून बसला होतात."

आठवडा सरला तेव्हा अख्खी पलटण पाठमोरी.

सुशांत घाबरला वगैरे नाही. हजार खोटे दावे पाहिलेला माणूस. त्याच्या डोक्यात लगेच आलं, चकत्यांना खाली चुंबक असतात, लोखंडी पत्र्याच्या डब्यात माणसं घट्ट बसावीत म्हणून. होकायंत्राची सुई फिरते तशी फिरली असणार, त्यात मेट्रोच्या कामाचे हादरे. त्याने एकेकाचे चुंबक उपसून काढले. सकाळी पलटण पाठमोरी. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून माणसं फळीला चिकटवली. सकाळी टेप तशीच, ओढली तर चर्रकन आवाज करत सुटणारी, आणि तिच्यावर माणसं भिंतीकडे तोंड करून.

पाठ फिरवणं म्हणजे काय, ते तेव्हा त्याला कळलं. रागावलेली वाटत नव्हती ती. लग्नघरातल्या मुली नवरदेव आला की खिडकीशी गर्दी करतात ना, तशी वाटायची. कशाची तरी वाट बघणारी.

पण भिंतीत आहे काय? त्याने फोनवर नकाशा उघडला, फोन सैनिकांच्या नजरेच्या रेषेत धरला. रेषा नाहूरवरून, भांडुपवरून, कांजूरमार्गच्या कडेने खाली उतरत विक्रोळीत पोचली. कन्नमवार नगरात. पुढे त्याने बघितलं नाही.

तरी तपासनीस तो तपासनीसच. भालेवाल्याला रुमालात गुंडाळून त्याने अंधेरीच्या कचेरीत नेलं आणि टेबलावर कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवलं. जेवून आला तेव्हा भालेवाला पूर्वेला बघत होता. अंधेरीहून विक्रोळी पूर्वेला आहे.

आता दुसरा कुणी असता तर त्याने मांत्रिक शोधला असता किंवा सगळं भंगारात दिलं असतं. सुशांतला मात्र भीतीच्या आधी राग आला. माझे पैसे, माझा रंग, माझ्या सुट्ट्या, आणि ओढा त्याच्याकडे? रेवतीला त्याने हे सांगितलं, त्यातलं निम्मंच. ती म्हणाली, "तू हल्ली त्याच्याशिवाय दुसरं काही बोलतोस का रे? जेवताना प्रितम, टीव्ही बघताना प्रितम. मी समोर बसलेली असते."

"मला फक्त माझी माणसं परत हवीत," सुशांत म्हणाला. मोठा सामना जिंकायचा, ओलीस सोडवायचे, सगळ्यांना एका ठिकाणी आणायचं. घरचे ओलिसांकडे बघतात, ओलीस घरी आले की बघायला कुणी उरणार नाही. हिशेब सरळ होता. आणि हरलो तर ओलीस कायमचे गेले, म्हणजे शोकेसमधल्या त्या पाठी आयुष्यभर बघायच्या.

दिवाळी झाली. हॉलमध्ये अजून फराळाच्या तेलाचा वास होता. प्रितम ओलिसांना कापसात गुंडाळून घेऊन आला होता, रिवाजाप्रमाणे ते टेबलाच्या कडेला मांडले. सुशांतने आपली पलटण शत्रूकडे तोंड करून उभी केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकालाही पुन्हा सरळ करावं लागलं नाही. त्यांना हेच तर हवं होतं. समोर प्रितम होता.

सामना लांबला. प्रितम नेहमीसारखा, गुणगुणत खेळत होता. त्याने डावी टेकडी घेतली, मग काथ्याचं रान. निळे डगले एकेक करून आडवे होत गेले, आणि प्रत्येकाला उचलताना प्रितम हळूच म्हणायचा, "ये बाबा." सुशांतला ते ऐकवेना. शेवटी त्याच्याकडे मूठभर माणसं आणि सरदार उरला. श्यामकांतकाकांनी जाहीर केलं, ही शेवटची पाळी. प्रितमचा सरदार पाडता आला तर जिंकलास, नाहीतर हरलास.

सुशांतने पट्टी लावली. त्याच्या सरदारापासून प्रितमच्या सरदारापर्यंतचं अंतर मोजलं, मग सरदाराची चाल. दोन बोटं कमी पडत होती.

त्याने पट्टी मिटली. खेळात एक गोष्ट सगळ्यांना येते आणि कुणी करत नाही. टेबलावर ओणवं व्हायचं, सदऱ्याची सावली पाडायची, अंगठ्याने चकती ढकलायची. सुशांतने आजवर केली नव्हती. त्याच्या नोकरीत तो अशीच माणसं पकडायचा.

तो ओणवा झाला.

अंगठा चकतीपाशी नेला. चकती तिथे नव्हती.

सरदार पुढे गेलेला होता. थर्माकोलच्या उतारावरून, प्रितमच्या रांगेतल्या फटीतून, पार पलीकडे. प्रितमच्या सरदाराच्या छातीला छाती लावून उभा होता आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होता. चष्म्यातून. सुशांतने हात मागे घेतला, पण तो तर सरदाराला लागलाच नव्हता.

काकांनी पट्टी घेतली, मोजलं, पुन्हा मोजलं. सरदार पाळीच्या सुरुवातीला नक्की कुठे होता याबद्दल मग कुणाचंच एकमत होईना. अंतर भरत होतं. केसाएवढंही कमी-जास्त नाही.

प्रितमने पट्टीकडे पाहिलं नाही. त्याने सुशांतकडे पाहिलं, बराच वेळ. त्याच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो, हे विसरू नका.

"पोचला ना?" तो म्हणाला. "मग झालं की रे. ने तुझी माणसं."

फासे सहा-सहा पडले. काकांना त्या दिवशी शिट्टी वाजवू दिली.

ओलीस घरी आले. सुशांतने शोकेस पुसलं, आत दिवा बसवला, सगळ्यांना खोलीकडे तोंड करून मांडलं. मध्ये सरदार. पहाटेच उठून बघायला गेला. ढोलवाला, निशाणवाला, भालेवाला, घरचे, सुटून आलेले, अख्खी पलटण सरळ उभी. खोलीकडे तोंड. त्याच्याकडे तोंड.

मग त्याला मधली जागा दिसली. सरदार पाठमोरा होता.

त्याने सरदाराला फिरवलं नाही. का कोण जाणे, फिरवावंसं वाटलं नाही.

पुढचं सगळं रेवतीच्या नजरेनेच सांगता येतं, कारण सुशांतला त्यात काही वेगळं झाल्याचं आठवत नाही. पहिल्यांदा तो कुशीवर भिंतीकडे वळून झोपायला लागला. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची बदलली. कचेरीत त्याने टेबल पूर्वेच्या खिडकीशी मागून घेतलं. रविवारी हॉलवर जायचा बंद झाला. प्रितमने फोन केले, निरोप पाठवले, एकदा स्वतः यायला निघाला होता, पण सुशांत म्हणाला, नको, तू तिथेच बरा आहेस. इथून नीट दिसतोस.

सपनाला आधी विचित्र वाटायचं, मग सवय झाली. सवय कशाचीही होते. संध्याकाळी ती चहा घेऊन येते आणि न विचारता कप त्याच्या पुढ्यात, भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर ठेवते. ती भिंत मोकळी हवी म्हणून त्याने शोकेस समोरच्या भिंतीला हलवलंय; आता ते त्याच्या मागे असतं, आत दिवा. आतली सगळी माणसं माना वर करून त्याच्या पाठीकडे बघत असतात.

परवा रेवती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुशांत," ती म्हणाली, "एकदा माझ्याकडे बघ ना रे."

"बघतोय की," तो भिंतीला म्हणाला.