एकच कातडी

पाली गावच्या किनाऱ्यावरील खडकांमध्ये, ओहोटीच्या उथळ डबक्यात दिसणारी ती वसाहत पंढरीनाथ मास्तर निवृत्तीपासून नियमाने न्याहाळत. समुद्रफुलांसारखे दिसणारे, करंगळीच्या टोकाएवढे शेकडो जीव. पण सर्वांचे बूड एकाच जाड, वाळू मुरलेल्या कातडीत. एकाला डिवचले की शेजारचेही मिटत. निरीक्षणासाठी त्यांनी सुरीने एक तुकडा सोडवला, तेव्हा जवळच कोयत्याने खडकावरचे शिंपले, कालवे, काढणारी सुलू म्हणाली, "मास्तर, आमी त्या खडकाला कोयता न्हाय लावत. ते समदं येकच हाय."

मास्तरांनी तिला अंधश्रद्धेवर सविस्तर सुनावले आणि तुकडा बादलीत घालून शहरात, जेसल पार्कला घरी आणला.

चौथ्या दिवशी पाणी बदलताना त्यांच्या मुलीच्या, गिरिजेच्या, सुई टोचलेल्या बोटाला तो लागला. तासाभरात उजव्या हाताची बोटे बधिर होऊन मुडपली. या जीवांत विष असते, हे मास्तरांनीच डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर म्हणाले, उतरेल. आठवडा गेला, मूठ सुटेना. ब्लाऊज शिवून घर चालवणारी गिरिजा डाव्या हाताने कात्री धरू पाहत होती. तो अडखळता आवाज मास्तरांना ऐकवेना. बादलीतला तुकडाही, तिचे बोट लागले त्याच दुपारपासून, मिटलेला होता.

विश्वास नसतानाही त्यांनी तो परत नेला आणि मूळ जागी घट्ट बसवला.

"आता त्याच्यासंगं तरी वाद नका घालू," सुलू म्हणाली.

भरती चढली. तुकडा उमलला, आणि फोन वाजला.

"बाबा, बोटं सुटली."

मास्तर ओल्या खडकावरच बसले. कित्येक दिवसांनी त्यांना पुरता श्वास घेता आला.

पंधरवडा सुखात गेला. शिलाई मशीन पूर्ववत चालू लागले. चतुर्दशीच्या सायंकाळी मास्तर पुन्हा पालीला गेले. तुकडा असा रुजला होता, की सांधा सापडेना. जुन्या सवयीने त्यांनी पार दुसऱ्या टोकाच्या एका जीवाला काडी टेकवली आणि वहीत वेळ लिहिली: ५.१५. मिटणे पसरत पसरत तुकड्यापर्यंत गेले.

घरी गिरिजा चहा गाळत होती. हात अगदी छान आहे, ती म्हणाली. फक्त मघाशी सुई गळून पडली, बोटाला कुणीतरी काडी टेकवल्यासारखे वाटले.

"किती वाजता?"

"सव्वापाच असतील. का हो?"

मास्तरांनी वही मिटली. उद्या अमावास्येची मोठी ओहोटी. अख्खी पाली कालवे काढायला उतरणार होती. त्या खडकाला कोयता कुणीच लावणार नव्हते. पण शेकडो पायांची पुढे जायची वाट त्याच्यावरूनच होती.