मोठमायचा गिलक्याचा वेल

“पप्पा, आपण शेतकरी शेतस ना? मग आज या ताटमा आपला वावरनं काय शे?”

जेवायला बसल्या बसल्या काजलने एका श्वासात विचारून टाकलं! मधल्या सुटीत मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. दुकानदाराची फाल्गुनी तर टाळ्या पिटत म्हणाली होती, “बागायतदाराची लेक, आणि कोथिंबीर आमच्या दुकानासमोरच्या हातगाडीवरून! हिंमत असेल तर घरी विचारून दाखव!” गेल्या वर्षीपर्यंत उत्तर येत असूनही मान खाली घालून बसणाऱ्या या पोरीच्या जिभेला, वक्तृत्व स्पर्धेत बोलून आल्यापासून मात्र जणू पंखच फुटले होते!

योगेंद्रने ताटाकडे पाहिलं. वांगी बाजारातली, टोमॅटो बाजारातले, लिंबाची फोडसुद्धा बाजारातली! वावरात पपई होती, कापूस होता; पण ते सगळं ट्रकमध्ये बसून दूरदूरच्या शहरांना निघून जाणारं...

“मीठ तर कोनीच वावरमा पिकाडत नही,” तो हसण्यावारी नेत म्हणाला.

 काजलच्या आईचा, शीलाचा वाढता हात तसाच राहिला, आणि भाकरी थापणाऱ्या भिकुबाईच्या हातात भाकरी अलगद दुभंगली.

भिकुबाई म्हणजे योगेंद्रची थोरली वहिनी, काजलची मोठमाय. नवरा दोधू तरुणपणीच गेला, पदरी लेकरू नाही, पण या घरातल्या प्रत्येक घासाला तिच्याच हाताची ऊब होती. त्या एका प्रश्नाने तिच्या काळजात किती वर्षांपासून मिटून ठेवलेलं एक हिरवं दार करकरत उघडलं...

मागच्या दारी तेव्हा काय नव्हतं! कुंपणावर वालाच्या जांभळ्या फुलांचे झुबके, न्हाणीच्या पाण्यावर डोलणारा अळू, कढीपत्ता, लिंबू, आणि थेट छपरावर चढून बसलेला पिवळ्याधमक फुलांचा गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल! तापीवरून वारा आला की अख्खं परस तिच्याशी कुजबुजायचं. निपुत्रिक म्हणून लोकांनी ओटीत काही टाकलं नव्हतं. पण ती माती रोज तिची ओटी भरायची!

आणि मग एके वर्षी परसाला लागूनच असलेल्या तुकड्यात योगेंद्रने पपई लावली. झाडं कमरेएवढी झाली, आणि पानं आकसली, पिवळी पडली, फळांवर चट्टे उठले. गावातल्या करणसिंगने बांधावर उभं राहून निकाल दिला, “व्हायरस शे भाऊ! हाई रोगराई त्या गिलकाना वेलवरथीन उनी.”

योगेंद्र काहीच बोलला नाही. तो फक्त वेलाकडे बघत राहिला... ती एक नजर! भिकुबाईला ती सुरीसारखी आरपार गेली. दुसऱ्या दिवशी, कुणीही न सांगता, तिने तणनाशकाचा पंप पाठीला लावला आणि आपल्या हाताने आपलं सारं हिरवं गोकुळ जाळून टाकलं. त्या वर्षापासून मागचं दार म्हणजे नुसती टणक, भकास, भेगाळलेली जमीन. आणि त्या वर्षापासून भिकुबाईने बियाण्याला बोट लावलं नाही. आपला हातच वाईट, आपण घराच्या मुखातला घास काढला, असं तिने मनाशी घट्ट बांधून घेतलं होतं.

काजलला यातलं काय ठाऊक असणार? ती तेव्हा बोट धरून चालणारी!

पण प्रश्न विचारून ती स्वस्थ बसली नाही. दिवाळीची सुट्टी लागताच तिने मागच्या दारी रांगोळीने नकाशाच काढला! स्वयंपाकघराच्या पायरीशी गवती चहा, न्हाणीच्या उतारावर अळू, मध्ये मेथी-पालक-कोथिंबिरीचे वाफे, कुंपणाला वाल.

“मोठमाय, ये ना व! सांग, गिलकं कोठे लावू?”

“मन्हा हात नको लागाले माय त्याले...” भिकुबाई उंबऱ्यावरच बसून राहिली. “कुंपणना कोपरामा लाव. सकायनं ऊन तठेच पडस.”

मग रोज तसंच चाललं. काजल मातीत, भिकुबाई उंबऱ्यावर! जमीन पंपाने पोळलेली, कुदळ मारली की टणत्कार उठायचा. “शेणखत तर पाहिजेच, पण लीद मिळनी तर...” भिकुबाईच्या तोंडून निसटलं मात्र, काजलने सारंगखेड्याच्या यात्रेतून घोड्यांच्या लिदीच्या पाट्या डोक्यावरून आणल्या. फाल्गुनी नाक दाबून मागे मागे, “छी! वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेली मुलगी ही?”

“तू कोथिंबीर खाशील तेव्हा नाक दाबू नकोस म्हणजे झालं!”

आणि काय सांगावं... पौषातल्या धुक्यात एके सकाळी मेथीचे कोवळे ठिपके जमिनीतून वर आले! जणू रात्रभर कुणी स्वप्न पेरलं होतं आणि उजाडताच ते खरं झालं होतं. काजल धावत उंबऱ्याशी आली, तर उंबरा रिकामा! भिकुबाई वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली होती, आणि आधारासाठी भिरभिरणारा गिलक्याचा एक कोवळा शेंडा बोटांनी काठीला बांधत होती. तिचे डोळे वाहत होते, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं! काजल श्वास रोखून तशीच माघारी फिरली. काही क्षण बोलायचे नसतात, एवढं त्या बडबडीलाही कळलं.

माघात घराच्या ताटात मेथी मागच्या दारची, वाल मागच्या दारचे, लिंबाचं रोपही मान वर काढून उभं! दिवस कसे स्वप्नात तरंगत होते...

आणि परसालगतच्या त्याच तुकड्यात पपईची रोपं येऊन पोचली.

रोपांचे ट्रे उतरवताना योगेंद्रची नजर सहज वर गेली. गिलक्याचा वेल छपराला टेकला होता, पहिली पिवळी फुलं उमलली होती. तो काहीच बोलला नाही. या वेळीही नाही! नुसतं बघून तो खाली वळला.

भिकुबाईला तेवढं पुरे होतं.

काजल दुपारी शाळेतून आली, तर मोठमाय मागच्या दारी उभी, पाठीला पंप, हातात नळी, आणि पदराने नाकतोंड बांधलेलं.

“मोठमाय! हाई काय करी ऱ्हायनी तू?”

“बाजूले हो पोरी. तुमनी पपई वाचाले पाहिजे. मी एकदाव चुकनी... आते नही चुकसू.”

काजल धावत जाऊन वेलापुढे हात पसरून उभी राहिली. तिचा आक्रोश ऐकून शीला पिठाच्या हातांनी बाहेर आली, पपईच्या सऱ्यांतून योगेंद्र धावत आला. भिकुबाईने रडत रडत सगळं सांगितलं... तो रोग, ती नजर, ती जाळलेली बाग, ते शापित मानलेले हात! शीलाने तोंडाला पदर लावला. एवढं सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि तिने कधी जावेच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला नव्हता!

 योगेंद्र पुढे आला आणि त्याने वहिनीच्या खांद्यावरून पंपाचे पट्टे हळूच सोडवले.

“वहिनी, दुसरा साले परसमा एक वेल नव्हता. काहीच नव्हतं आठे. तरी बी पपई गई. माले तव्हयच समजनं, तुमना वेल काहीच करेल नव्हता. पण माफी मांगाले तोंड उघडनं नही... जितला उशीर व्हयना, तितलं तोंड जास्तच मिटी गयं.” त्याने पंप बाजूला ठेवला. “माय गई तव्हय मी धाकला व्हतू. तुमनाच हातना घास खाईसन मोठा व्हयनू. तो हात वाईट कसा ऱ्हाई?”

तो वाकला आणि मातीने माखलेल्या तिच्या पायांवर डोकं ठेवलं. भिकुबाईच्या अंतःकरणातला तो जुना गोठलेला हुंदका आज कुठे विरघळून वाहू लागला! “उठ रे भाऊ, उठ...” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शीलाने तिला मागून मिठी मारली आणि दोघींच्या लुगड्यांना पीठ माखलं.

डोळे पुसून योगेंद्र उठला, पण वेलाकडे पाहताना त्याच्या कपाळावर पुन्हा एक पुसट आठी आली. “पण या साले खरंच व्हायरस उना तर... गाव पुन्हा बोलीच ना.”

भिकुबाईचे हात पुन्हा पंपाच्या पट्ट्यांकडे गेले. ते काजलने पाहिलं. तिने ते दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले, आणि स्पर्धेच्या मंचावरही कधी लागला नव्हता अशा शांत, ठाम आवाजात ती आईवडिलांकडे वळून म्हणाली,

“मम्मी, पप्पा, मन्हं ठरनं. आजपासून हाऊ वेल मन्हा. पपई जगनी तर जगनी. गई, तर करणसिंगबाबाले सांगा, काजलना वेलनी खादी. गाव बोली ते माले बोली. पण या घरमा यापुढे रोगराईसंगे मोठमायनं नाव कोनी घेवानं नही!”