डुकराचं उष्टावण

उष्ट्याची गाडी मिरजेच्या त्या आळीत शिरली की लोक आपापले डबे घेऊन दारात येत. गावभरचं खरकटं उकळून, वाळवून त्याचं डुकरांसाठी खाद्य करणं आता जुनं झालं होतं. हे डबे वेगळे. प्रत्येकावर एका रुग्णाचं नाव, आणि त्या नावाचं एकेक पिलू इस्पितळाच्या वराहशाळेत वाढत असे.

डॉ. नाझनीन मुजावर यांनी शोधलेली ही ‘उष्टावण-पद्धत’. माणसाच्या लाळेत त्याच्या शरीराची खूण असते. दूध सुटल्यापासून पिलाने एकाच माणसाचं उष्टं खाल्लं, की ती खूण हळूहळू त्याच्या अवयवांत उतरते. पुढे त्याचं मूत्रपिंड त्या माणसाला बसवलं, तर शरीर ते परकं म्हणून झिडकारत नाही.

त्र्यंबकराव शेजवलकरांची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. सगळी भिस्त त्यांच्या पिलावर. आणि आज डॉक्टर स्वतः घरी आल्या होत्या.

“काकू, पिलू छान गुटगुटीत झालंय. पण काकांची खूण त्याच्यात उतरलीच नाही. डब्यात त्यांचंच उष्टं घालता ना?”

अनसूयाबाईंनी पदर सारखा केला. “चांगलं अन्न घालते. पहिल्या वाफेचा भात, वर तूप. मुक्या जिवाला खरकटं कसं द्यायचं?”

“म्हणजे डुकराला तूप आणि मला अळणी पेज,” त्र्यंबकराव खाटेवरून म्हणाले.

“मग काकांच्या ताटातलं जातं कुठे?”

“ते माझं.” अनसूयाबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण मान ताठ. “लग्न झाल्यापासून यांच्या ताटात जेवते मी. नेम आहे माझा. उपास असला तरी यांच्या ताटातला केळ्याचा तुकडा तोंडात टाकते. तो मान डुकराला देऊ होय?”

नवं पिलू वाढवण्याइतका वेळ काकांकडे नव्हता. मग एकदम काही सुचल्यासारखं डॉक्टरांनी विचारलं, “काकू, तुमचं थोडं रक्त घेऊ?”

तपासणीचा निकाल घेऊन त्या परत आल्या तेव्हा खुर्चीत बसायचंही विसरल्या.

“खूण तुमच्यात उतरलीय. इतकी ठळक मी एकाही पिलात बघितली नाही. तुमचं एक मूत्रपिंड काकांना चालेल.”

अनसूयाबाईंनी देवघराकडे वळून हात जोडले. “बघितलंत?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “इस्पितळाने पिलं पाळली. मी तर घरातच होते.”

त्र्यंबकरावांनी डोळे पुसले.

“दोन्हीतलं चांगलं असेल ते घ्या,” अनसूयाबाई डॉक्टरांना म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं, “आणि पुढेमागे माझं उरलेलं बिघडलं, तर यांचं मला चालेल ना?”

“नाही, काकू. काकांनी तुमचं उष्टं कधी खाल्लंय?”

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे वळून बघितलं.

त्या दुपारी अनसूयाबाई पहिल्यांदाच नवऱ्याच्या आधी जेवायला बसल्या. चार घास खाल्ले, उरलेला भात बोटांनी नीट सारखा केला आणि ताट त्र्यंबकरावांपुढे ठेवलं.

“जेवा,” त्या म्हणाल्या.

त्र्यंबकराव ताटाकडे बघत राहिले. हात काही पुढे होईना.