कडी कुठल्या हाताला?

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. आता आपापल्या घराचं दार आठवा. आतून नाही हं, बाहेरून. शाळेतून दमून आला आहात, जिना चढलात आणि दारासमोर उभे आहात. सांगा, कडी कुठल्या हाताला आहे? उजव्या की डाव्या?

अडखळलात ना? लाजू नका, मोठी माणसंही अडखळतात. ज्या दारातून दिवसाला दहा वेळा ये-जा करतो ते आपण कधी पाहिलेलंच नसतं. आपला हात ते ओळखतो, तेवढ्यावर भागतं. उघडा डोळे. उत्तर मनात ठेवा, पुढे लागेल.

आता गोष्टीतलं दार. चार मजल्यांची इमारत, मजल्यावर तीन घरं. बारा नंबरचं घर सगळ्यात वर, अगदी टोकाला. त्याच्या शेवटच्या भिंतीपलीकडे घर नव्हतं, गच्ची नव्हती, काही नव्हतं. नुसतं आभाळ. दार तपकिरी, त्याखाली दोन बोटं जातील एवढी फट. समोर आईने जुन्या चादरीचं शिवलेलं लाल किनारीचं पायपुसणं. आणि कडी उजव्या हाताला.

या घरात एक दहा वर्षांची मुलगी राहायची. तिला सगळे ताईच म्हणायचे, कारण तिचा पाच वर्षांचा भाऊ दिवसभर त्याच नावाने घर डोक्यावर घ्यायचा. भावाचं नाव पडलं होतं मुंगळा. एकदा का त्याने कुणाचं बोट धरलं, की गुळाला चिकटलेल्या मुंगळ्यासारखा सुटायचा नाही. दुसरं कारण असं, की तो सगळं नाकाशी नेऊन बघायचा. त्याची नजर फार अधू होती. जाड भिंगांचा चष्मा नसला, की त्याला हातभर अंतरापलीकडे नुसतं धुकं दिसे. मग तो माणसं आवाजावरून ओळखायचा आणि घर हातांनी. जिना चढताना पायऱ्या मोजायचा, वर आला की उजवा हात पुढे करायचा, कडीला टेकवायचा आणि म्हणायचा, "आलो!" तेव्हा कुठे स्वारी घरात शिरायची.

तोच चष्मा एका रविवारी आईच्या पायाखाली आला. तसली भिंगं गावात मिळत नव्हती, म्हणून आईने नवा चष्माच दुसऱ्या शहरातून मागवला.

"चार दिवसांत येईल पार्सल," आई ताईला म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, सहाला घरी यायची. "तोवर दुपारी तुझं लक्ष त्याच्यावर. चष्मा नाही, तर ज्याचा आवाज ओळखीचा वाटेल त्याच्या मागे जाईल हा. पार्सलवाला आला तर दार उघडू नकोस. बाहेर ठेवा म्हणायचं, पावलं खाली गेली की मग घ्यायचं."

घरात एक जुना फोन होता, त्यावर निरोप यायचा. चौथ्या दिवशी दुपारी तो आला.

'आपले पार्सल पोहोचले. घेणार: ताई.'

ताई दाराजवळच अभ्यास करत बसली होती. बेल वाजलीच नव्हती. तिने साखळी लावून फटीतून पाहिलं. पायपुसणं रिकामं. खाली तीन मजले फिरून आली, दाराला कुलूप लावून आणि मुंगळ्याला काखोटीला मारून. सगळ्या घरांत विचारलं. दहा नंबरच्या शिवणकाकूंनी तर कपड्यांचे ढिगारेही उपसून दाखवले.

"अगं, माझं पार्सल परवा एका दंतवैद्याकडे गेलं," काकू म्हणाल्या. "बिचाऱ्याने दोन ब्लाउज परत आणून दिले. येईल, येईल."

संध्याकाळी आईने कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं नुसतं संगीत वाजलं. मग एक गोड आवाज आला.

"मॅडम, आमच्याकडे पोहोचलं असं दाखवतंय."

"तुमच्याकडे दाखवतंय, पण माझ्याकडे नाहीये ना!"

"दाराचा फोटो आहे मॅडम. पाठवते."

फोटो आला. तपकिरी दार, वर बारा आकडा, खाली लाल किनारीचं पायपुसणं आणि त्यावर खोका. आईने कपाळाला हात लावला. "आपलंच दार की! म्हणजे चोरलं कुणीतरी."

ताई फोटोकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "आई, कडी डाव्या हाताला आहे."

"फोटो उलटा आला असेल गं."

"मग बारा आकडा सरळ कसा?"

 आईने फोन पालथा ठेवला आणि पोळ्या लाटायला गेली.

कंपनीने दुसरा चष्मा पाठवायचं कबूल केलं. तो पुढच्या आठवड्यात शुक्रवारी यायचा होता. शुक्रवारी ताई दाराला पाठ लावूनच बसली. मुंगळा आत, त्या शेवटच्या भिंतीशी असलेल्या खाटेवर लोळत होता. ऊन लख्ख होतं. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सव्वातीनला फोन थरथरला.

'आपले पार्सल पोहोचले. घेणार: ताई.'

या वेळी फोटोतलं दार वीतभर उघडं होतं. आत अंधार. फटीतून एक लहानसा हात खोक्याकडे आलेला. मनगटावर हिरवा दोरा. ताईने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तिथेही हिरवा दोरा होता. कालच तिने शिवणकाकूंकडच्या रिळाचा बांधला होता.

 ती आत धावली.

"मुंगळ्या, बेल वाजली का रे?"

"वाजली की."

"कुठे? मी दारातच होते."

"इकडची नाही गं." त्याने भिंतीवर तळवा ठेवला. "तिकडची. तिकडच्या ताईने घेतलं. ती म्हणते, चष्मा माझ्याकडे आहे, तू ये."

भिंतीपलीकडे नुसतं आभाळ होतं, हे मी तुम्हाला सांगितलंय. ताईलाही ते ठाऊक होतं. तरी तिने भिंतीला कान लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग अगदी जवळून, जणू कुणी पलीकडून तसाच कान लावला असावा तसा, श्वास ऐकू आला.

तिने खाट ओढून खोलीच्या मध्यावर आणली.

आईला सांगितलं, तर आई दमून म्हणाली, "तुम्ही दोघं दिवसभर एकटी असता. डोक्यात काहीबाही येतं." पण रात्री तीही भिंतीला एकदा टकटक करून आली, हे ताईने पाहिलं.

सोमवारी पार्सलवाला कुणाचंतरी पाकीट घेऊन जिन्यात आला. ताईने साखळीआडून हाक मारली.

"काका, आमचा चष्मा तुम्ही कुठे ठेवला?"

"इथेच की. दोन्ही वेळा तूच घेतलास." तो घाम पुसत हसला. "वर दटावलंस मला, 'हळू बोला, भाऊ झोपलाय.' मी म्हटलं, आजीबाई आहे नुसती!"

"मी दार उघडलंच नाही."

"अगं, थट्टा करतेस का? मी इथे उभा होतो, या अशा..." त्याने सवयीने डावा हात पुढे केला, कडी जिथे असायला हवी तिथे. हात कोऱ्या लाकडाला लागला.  त्याने वर आकड्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पाकीट तिथेच टाकून तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

त्या दिवशी ताईने ठरवलं, आपणच तक्रार लिहायची. फोनवर तक्रारीचा अर्ज भरता येत होता. आईने तिला एक नियम लहानपणापासून शिकवला होता: दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात एक रात्रही राहता कामा नये. आणि लिहिताना नम्रपणे लिहावं, म्हणजे काम होतं. म्हणून तिने लिहिलं:

'आमची वस्तू चुकून दुसऱ्या बारा नंबरच्या घरी गेली आहे. कृपया परत आणून द्या. त्यांची एखादी वस्तू आमच्याकडे आली असेल, तर आम्हीही ती देऊ.'

किती शहाणं पत्र, नाही का? मीसुद्धा तिला दहापैकी दहा गुण दिले असते.

गुरुवारी दुपारी चारला बेल वाजली. खरी बेल, इकडची. ताई साखळीआडून म्हणाली, "बाहेर ठेवा." पावलं खाली गेली. तिने शंभर आकडे मोजले आणि दार उघडलं.

खोका पायपुसण्यावर नव्हता. तो सहा पायऱ्या खाली, जिन्याच्या वळणावर ठेवलेला होता.

"इथेच थांब," ती मुंगळ्याला म्हणाली. तो उंबरठ्यावर तिचा फ्रॉक धरून उभा होता. तिला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती धावत उतरली, खोका उचलला, धावत चढली. सहा पायऱ्या. मुंगळा उंबरठ्यावरच होता. तिने त्याला आत घेतलं, दार लावलं, आतून कडी घातली, साखळी लावली.

खोक्यात चष्मा होता. जाड भिंगांचा, अगदी तसाच. तिने तो त्याच्या नाकावर चढवला.

"दिसतंय?"

"हो."

त्याने मान फिरवून खोलीभर पाहिलं. खाट, पंखा, ओट्यावरची भांडी. पाहुण्यांच्या घरी आलेलं मूल पाहतं ना, तसं. हात मांडीवर ठेवून, गुपचूप.

फोन थरथरला.

'आपली वस्तू परत पोहोचली. आपण कबूल केल्याप्रमाणे त्यांची वस्तू नेण्यासाठी माणूस येत आहे. वस्तू: एक. दाराजवळ तयार ठेवा.'

खाली फोटो होता. त्यात मुंगळा होता. जाड चष्मा लावलेला, हात मांडीवर. आत्ता बसला होता तसाच.

ताईने मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिने मुंगळ्याला ओढत दारापाशी आणलं, दाराला पाठ टेकून खाली बसली आणि त्याला मांडीवर घेतलं. तो ऊबदार होता. त्याच्या केसांना त्याचाच वास येत होता. आई यायला पावणेदोन तास होते.

"मुंगळ्या," ती कुजबुजली. "आपण एक खेळ खेळू. चष्मा काढ. डोळे मिट."

त्याने ऐकलं.

"आपण शाळेतून आलो. जिना चढलो. दारासमोर उभे आहोत. आता कडीला हात लाव आणि म्हण, आलो."

मुंगळ्याने डोळे घट्ट मिटले. जरा विचार केला. ओठ हलवून पायऱ्या मोजल्या.

मग डावा हात पुढे केला.

"आलो," तो म्हणाला.

 त्याने डोळे उघडले आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. बरोबर आलं की नाही, हे विचारणारी ती नजर. प्रत्येक मुलाची असते. त्याचा खालचा ओठ थरथरू लागला.

"चुकलं का गं, ताई?"

"नाही," ताई म्हणाली. "बरोबर आहे."

तेवढ्यात तिच्या पाठीमागे दार वाजलं.

बेल नाही. टकटक. आणि ती वर नव्हती, मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. ती खाली होती. मुंगळ्याची मूठ पोहोचते तिथे.

"कोण आहे?" तिने विचारलं.

 नुसता हाताचा आवाज येऊ लागला. कुणीतरी बाहेरून दार चाचपत होतं. तळवा लाकडावरून सरकत उजवीकडे गेला. कडी खुळखुळली. पण तिच्यापाठोपाठ यायचा तो शब्द आला नाही. कुणीतरी रडू दाबत असावं तसं वाटलं. किंवा कुणीतरी तसं करून दाखवत असावं.

मांडीवरचा मुंगळा तिला बिलगला. "दार उघडू नको ना," तो म्हणाला. "मला नेतील."

ताईला काय करावं कळेना. दार उघडावं, तर बाहेर कोण आहे ठाऊक नाही. न उघडावं, तर बाहेर कोण आहे ठाऊक नाही.

मग तिने काय केलं सांगू? डाव्या हाताने तिने मांडीवरच्या मुंगळ्याचा हात धरला. आणि उजव्या हाताची बोटं दाराखालच्या फटीतून हळूच बाहेर सरकवली.

बाहेरची चाचपणी थांबली.

क्षणभराने पाच चिमुकली, घामेजली बोटं तिच्या बोटांना येऊन चिकटली. घट्ट. गुळाला चिकटावीत तशी.

आई येईपर्यंत ताई तशीच बसून राहिली, दोन हातांत दोन हात घेऊन. तिने एकही सोडला नाही.